मॅनिफोल्डचा स्टड

सायलेन्सरचं काम घेऊन गाडी गॅरेजात आली की, साताऱ्यात काय नि सांगलीत काय, मेस्त्री आधी खाली वाकून एकच गोष्ट बघतो: नटांना कोपरे उरलेत का, आणि स्टड सुटण्यासारखे आहेत का. मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलणं हे सरळ गेलं तर एका बैठकीचं काम. पण एक स्टड हेडच्या आत तुटला की तेच काम दोन दिवसांवर जातं, आणि नशीब अगदीच फिरलं तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागतं. म्हणून खर्चाचा अंदाज सांगताना मेस्त्री हात राखून बोलतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपल्याला बनवतोय. या दोघांमधला हा अविश्वास मला फार खटकतो, कारण त्याचं मूळ बोटाएवढ्या लोखंडी तुकड्यात आहे. काढताना जो स्टड तुटतो, त्याची तयारी बहुतेक वेळा मागच्या खेपेला तो बसवणाऱ्यानेच करून ठेवलेली असते. या आढाव्यात मला मुख्यतः हेच मांडायचं आहे.

स्टड म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे पाडलेला दांडा. एक टोक हेडमध्ये कायमचं बसतं, दुसऱ्यावर मॅनिफोल्ड अडकवून नट कसतात. साधा बोल्ट का लावत नाहीत? आजच्या बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियमचे आटे मऊ. दर खेपेला बोल्ट काढला-घातला तर ते झिजत जातात. स्टड एकदाच बसतो. पुढची झीज स्टीलच्या स्टडवर आणि स्टीलच्या नटवर होते, आणि दोन्ही बदलता येतात. शिवाय बोल्ट कसताना ताणही बसतो आणि पीळही, तोही थेट त्या मऊ आट्यांवर. स्टडमध्ये नट फिरतो, दांडा जागेवर राहतो, त्यामुळे हेडच्या आट्यांना निव्वळ ताण मिळतो. आणि जड बिडाचं मॅनिफोल्ड एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बोल्टचं भोक शोधण्यापेक्षा ते स्टडवर टांगून ठेवणं किती सोपं, हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको.

आता हा स्टड अडकतो कसा? एका गाडीतही सगळे स्टड सारखे अडकत नाहीत. हेडजवळचे स्टड उष्णतेने खाल्लेले असतात, तर मागच्या पाइपांच्या फ्लँजचे रस्त्यावरच्या पाण्याने. पेट्रोल गाडीत चढावर पूर्ण जोर लावला की मॅनिफोल्डमधून जाणारा वायू ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. त्या तापात स्टडवरचं कोटिंग जळून जातं, लोखंडावर पापुद्रा धरतो, आणि तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमध्ये केसभर फट असते. गंज ती भरून काढतो आणि नट नि स्टड एकजीव झाल्यासारखे होतात.

आपल्याकडे ताप आणि पाणी या दोन्ही गोष्टी एकाच प्रवासात घडतात. पावसाळ्यात वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला जाणारी गाडी घ्या. चढावर मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप कमालीचा तापतो, आणि वर पोचेपर्यंत खालून पाण्याचे फवारे त्यावर बसत राहतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणि सांगलीच्या जत-आटपाडीत तो पाचशेच्या आसपास. जतची गाडी आणि पाचगणीची गाडी एकाच वर्षीची, एकाच कंपनीची असली तरी खालून बघितलं तर त्या दोन वेगळ्या वयाच्या वाटतात. दुष्काळी भागातल्या गाडीचे मागचे नट पान्याने सुटतात, घाटातल्या गाडीचे बहुधा ग्राइंडरनेच कापावे लागतात. आणखी एक शत्रू आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. गाडी रोज घरापासून बाजारापर्यंतच जात असेल तर सायलेन्सर पुरेसा तापतच नाही, ती वाफ आतच थंड होते आणि डबा व फ्लँज आतून कुजतात. गाडी कमी चालवली म्हणजे एक्झॉस्ट टिकतो, हा समज म्हणून चुकीचा आहे.

सांगलीकरांना वेगळी कथा सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं; धोक्याची पातळी ४५ फूट. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पूर आला. पुरात बुडालेल्या गाड्या गॅरेजात आल्या की सगळं लक्ष इंजिन ऑइल, वायरिंग, सीट यांच्याकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण नदीचा गाळ फ्लँजच्या खोबणीत आणि नटांच्या मागे भरून बसतो आणि ओल धरून ठेवतो. गाडी सुरू झाली म्हणून कोणी तो धुऊन काढत नाही. पुराचं वर्ष विसरल्यावर जेव्हा पाइप बदलायची वेळ येते, तेव्हा त्या गाळाचा हिशेब पुढे येतो. पुरातून आलेल्या गाडीचे एक्झॉस्टचे नट त्याच महिन्यात एकदा सोडून, साफ करून, नवे लावून घ्यावेत.

आणखी एक कारण गॅरेजात फारसं बोललं जात नाही, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चार सिलिंडरच्या इंजिनाचं बिडाचं मॅनिफोल्ड साधारण ४०० मिलिमीटर लांब धरू. ते थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर तापमानात ५०० अंशांचा फरक पडला, तर बीड सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास लांबतं. त्यामागचं ॲल्युमिनियमचं हेड मात्र कूलंटमुळे ८० अंशांनीच तापतं आणि पाऊण मिलिमीटर पसरतं. उरलेला दीड मिलिमीटरचा फरक कुठे जाणार? मॅनिफोल्ड हेडवर सरकतं. मधले स्टड जागेवर राहतात आणि दोन्ही टोकांचे स्टड दर खेपेला आडवे ढकलले जातात. म्हणून तर मॅनिफोल्डची टोकाची भोकं मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात, आणि म्हणूनच तुटलेला स्टड बहुधा पहिला किंवा शेवटचा असतो. "घट्ट कस, गळायला नको" म्हणून ताकद लावणारा मेस्त्री या सरकण्याचीच वाट बंद करतो. मग बळी जातो तो स्टडचा, कधी मॅनिफोल्डचा.

आता काढण्याकडे येऊ. पहिला नियम ताकदीचा हिशेब. फूटभर लांब पान्यावर २० किलोचा जोर दिला की ६० न्यूटन मीटर पीळ तयार होतो. ८ मिलिमीटरचा, ८.८ दर्जाचा स्टड नवा असताना चाळिशीच्या आतच तुटू शकतो. गंजून बारीक झालेला त्याच्याही आधी. म्हणजे धडधाकट माणसाचा साधा झटका त्याला पुरेसा आहे, वर पाइप अडकवून पाना लांब करायची गरजच नाही. ८ मिलिमीटरच्या नटावर पाइप लावलेला दिसला की समजावं, आता ड्रिल मशीन शोधायची वेळ येणार.

घाई नसेल तर आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करावी. वायर ब्रशने बाहेर निघालेले आटे स्वच्छ करायचे, मग गंज सोडवणारं तेल टाकायचं, सकाळी पुन्हा टाकायचं. पूर्वी रॉकेलवर भागायचं, आता स्प्रेचे डबे सगळीकडे मिळतात. तेल कोणतं यावर गॅरेजात तावातावाने वाद होतात. माझ्या मते तेलाच्या नावापेक्षा त्याला दिलेला वेळ जास्त काम करतो. तेल टाकल्यावर नटाच्या बाजूवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाला भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. पाना सहा कोपऱ्यांचाच हवा. बारा कोपऱ्यांचा रिंग पाना गंजलेल्या नटावर घसरतो आणि नट गोल होतो. आणि पहिला जोर सोडायच्या दिशेने न देता कसायच्या दिशेने द्यावा, अगदी केसभर. गंजाची पकड त्यानेही सुटते, आणि मग मागे-पुढे, मागे-पुढे करत, मध्ये तेल टाकत नट आणावा. हाताला जड लागायला लागलं की थांबून पुन्हा आत फिरवावा.

तेलाने ऐकलं नाही तर आग. इथे कशाला तापवायचं हे कळलं पाहिजे. नट सोडायचा तर नट तापवावा, म्हणजे तो फुगून स्टडपासून सुटतो. स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमधून काढायचा तर भोकाभोवतीचं हेड तापवावं. १० मिलिमीटरच्या भोकाला १५० अंश ऊब दिली तर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा मिलिमीटरच्या जेमतेम साठाव्या हिश्शाने जास्त पसरतं. ऐकायला हे काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला ते पुष्कळ आहे. मात्र ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, रंग न बदलता सरळ बसतं. म्हणून गॅसची ज्योत हेडवर एका जागी धरून ठेवू नये. अलीकडे मिळणारा इंडक्शन हीटर नटाभोवती कॉइल घालून फक्त नटच तापवतो. ज्या गॅरेजात सीएनजी किंवा एलपीजीच्या गाड्या येतात, तिथे उघड्या ज्योतीपेक्षा मी त्याचाच आग्रह धरीन. जस्ताचा मुलामा दिलेला नट तापवताना निघणारा पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नये, त्याने ताप चढतो.

नट निघाला पण स्टडही बदलायचा असेल, तर दोन नट एकमेकांवर घट्ट कसून आतला नट फिरवायची जुनी रीत अजून उत्तम आहे. आटे खराब असतील तर रोलरचा स्टड काढणी सॉकेट वापरावा; तो स्टडला सगळीकडून पकडतो. पाइप पान्याने एका बाजूने चावून फिरवलेला स्टड वाकतो, आणि वाकलेला स्टड तुटतो.

आता तुटलेल्या स्टडबद्दल. इथे कारागीर आणि नुसता पाना फिरवणारा यांच्यातला फरक दिसतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. ८ मिलिमीटरचा स्टड हेडच्या तोंडाशी तुटलाय असं धरू. बॅटरीची दोन्ही टोकं सोडायची आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ, हेडवरच लावायची. नाहीतर ईसीयू जातो. तुटलेलं तोंड घासून, पुसून कोरडं करायचं. फवारणीच्या क्लीनरने पुसलं असेल तर ते पूर्ण उडेपर्यंत वेल्डिंगचा दांडा हातात घ्यायचा नाही, कारण काही क्लीनरांच्या वाफेतून विषारी वायू तयार होतो. मग स्टडच्या मधोमध वेल्डचा थेंब, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं करत छोटं टेंगूळ उभं करायचं. स्टीलचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे भोकाच्या भिंती वाचतात. हेड बिडाचं असेल तर मात्र मध्ये वॉशर ठेवून जपावं लागतं. टेंगूळ तोंडाच्या वर आलं की त्यावर १० मिलिमीटरचा नट ठेवायचा आणि नटाच्या पोटातून, मधून बाहेर, वेल्ड भरत यायचं. आता लाली उतरू द्यायची. काळं पडल्यावर पण अजून गरम असताना पाना लावायचा, आधी किंचित आत, मग बाहेर. पहिला कट् असा आवाज आला की हात थांबवून तेलाचा थेंब सोडायचा. गार होताना स्टड आकसतो आणि तेल आत खेचलं जातं. नट तुटून हातात आला तर दुसरा वेल्ड करायचा. तीन-चार नट वाया जाणं यात धरलेलंच आहे. वेल्डची उष्णता थेट स्टडच्या गाभ्यात जाते, फुगलेला स्टड भोकात गंज चिरडतो आणि गार होताना स्वतः मोकळा होतो. म्हणून ही पद्धत सगळ्यांत खात्रीची.

वेल्ड जमत नसेल तर ड्रिल. सेंटर पंच अगदी मध्यावर पडला पाहिजे, बाकी सगळं त्यावर अवलंबून. उलट्या फिरणाऱ्या ड्रिल बिटने भोक पाडताना कधी कधी स्टड आपोआप फिरून बाहेर येतो. इझी-आउटबद्दल माझं मत मात्र कडक आहे: जाम झालेल्या स्टडमध्ये ते घालू नये. ते कडक पोलादाचं आणि ठिसूळ असतं, पाचरीसारखं आत ठोकल्याने स्टड आणखी फुगतो, आणि ते आत तुटलं की साध्या ड्रिलने निघत नाही. मग एमआयडीसीतल्या डाय बनवणाऱ्या शॉपमधल्या स्पार्क मशीनवर ते जाळून काढावं लागतं. सातारा, मिरज, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींचा इथे मोठा आधार आहे. आटे गेलेच तर मोठं भोक पाडून तारेची हेलिकॉइल बसवणं हा कायमचा इलाज आहे. तिला लोक तात्पुरती मलमपट्टी समजतात, पण ॲल्युमिनियममध्ये नीट बसवलेली हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते.

या भागाला लोखंडाची जुनी सवय आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कारखाना काढला, पुढे तिथेच किर्लोस्करवाडी झाली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगरांपाठोपाठ डिझेल इंजिनंही घडली. त्यामुळे गल्लीगल्लीत लेथ आहे, आणि नवा स्टड मिळाला नाही की टर्नरकडून करून घ्यायची पद्धत पडली आहे. टर्नरचा हात उत्तम असतो, गडबड असते ती गजाची. साध्या मऊ पोलादाच्या गजाचा स्टड मापाला तंतोतंत बसतो, पण तापल्यावर लांबत जातो, नट सैल पडतो आणि पॅकिंग फुंकायला लागतं. दुकानात मिळणारा ८.८ चा स्टडही ३०० अंशांच्या वर ढिला पडायला लागतो, म्हणून तो मागच्या फ्लँजला ठीक, टर्बोला नाही. उपाय मात्र याच जिल्ह्यांत आहे. वाफेच्या पाइपलाइनींना लागणारा बी-७ दर्जाचा क्रोम-मॉलिब्डेनम स्टड साखर कारखान्यांच्या फिटरांना चांगला ठाऊक असतो. हंगाम संपल्यावर बॉयलर आणि टर्बाइन उघडणाऱ्या त्या माणसांनी गरम-गंजलेले स्टड जितके काढले असतील, तितके कुठल्या गॅरेजात निघत नाहीत. गॅरेजवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं, आणि लेथवर स्टड करायचाच तर गज बी-७ चा मागावा.

मापाचा घोळ हाही इथला खास. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जुन्या जीपांमध्ये इंची आटे असायचे, नंतरच्या डिझेल इंजिनांत मिलिमीटरचे. अडीच सुताचा स्टड ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याला ८ चाच. पण त्याच्या दोन आट्यांतलं अंतर १.४१ आणि ८ मिलिमीटरच्या साध्या स्टडचं १.२५. नट दोन-तीन फेरे सहज जातो, मग जड होतो, आणि मेस्त्रीला वाटतं कसला गेला. १० मिलिमीटरलाही १.५ आणि १.२५ असे दोन पिच सर्रास मिळतात. पिच गेज स्वस्तात मिळतो. तो खिशात नसेल तर नवा नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवून बघावा, पाना नंतर.

बसवणं हे काम निवांतपणाचं. भोकात टॅप हाताने फिरवून गंज नि जुना चिकटा काढावा, हवेने फुंकावं. भोकात तेल साचलं असेल तर स्टड कसताना ते दाबलं जाऊन हेडला तडा जाऊ शकतो. स्टड हाताने बसवून हलकं टेकवायचा. तळाशी दाबून कसला तर आटे वरच्या बाजूला ताणले जातात. ॲल्युमिनियममध्ये तो आपल्या जाडीच्या दीड ते दोन पट आत गेला पाहिजे. काही इंजिनांत एखादं भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतं, तिथे आट्यांना सीलंट लागतं. हे विसरलं तर कूलंट हळूहळू कमी होत राहतो आणि गळती कुठे आहे ते महिनोन्‌महिने सापडत नाही. नटाच्या बाजूच्या आट्यांना तांब्याची किंवा निकेलची पेस्ट लावावी. तांब्याची ११०० अंशांपर्यंत टिकते, म्हणून एक्झॉस्टला पुरते. पेस्ट लावली की आटे निसरडे होतात, त्याच टॉर्कला ताण जास्त येतो. म्हणून कंपनीने कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा थोडा उतरवून घ्यावा. नट पितळेचा किंवा तांब्याचा मुलामा दिलेला लावला तर पुढच्या खेपेला तो सुटतो. स्टेनलेसच्या स्टडला स्टेनलेसचाच नट कोरडा लावू नये, ते एकमेकांना चावून धरतात. आणि जुना नट पुन्हा लावणं ही सगळ्यांत खोटी काटकसर. मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने कसावं. टॉर्क रेंच धूळ खात पडलेली गॅरेजं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर प्रश्नाचं रूप बदललंय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डिझेल गाडीतला धुराचा फिल्टर इंजिनाला चिकटून आले, काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असतं. स्टडांची संख्या कमी झाली, पण उरलेले जास्त तापतात आणि हाताला सापडत नाहीत. शेजारीच सेन्सर असतात. जोडातून थोडी हवा आत ओढली गेली तरी ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि इंजिन जास्त इंधन घेतं. आणि पुढच्या जोडातली गळती केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणू शकते, त्याला ना रंग ना वास. म्हणून काम झाल्यावर थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी सोडावं. बुडबुडे आले तर गाडी द्यायची नाही. इंजिन दोन-तीनदा तापून गार झाल्यावर, पूर्ण थंड असताना टॉर्क पुन्हा तपासावा लागतो. गिऱ्हाईक जतहून आलेलं असो की मेढ्याहून, त्याला आठवड्याने परत बोलवावं, त्या फेरीचे पैसे पहिल्याच अंदाजात धरावेत, आणि नवे नट-स्टड बिलात वेगळे लिहून जुने त्याच्या हातात द्यावेत.